गेरूचा पट्टा

आमच्या घरमालकांनी उभ्या आयुष्यात माणूस म्हणून माणूस कधी पाहिलाच नाही. पाहिलं ते झाड. हे मी त्यांच्या ओसरीवरच्या खोलीत सात वर्षं काढून, अगदी शपथेवर सांगतो. तीस वर्षं जंगलखात्यात नाकेदारी करून ते गडचिरोलीत घर बांधून बसले होते खरे, पण त्यांचे डोळे काही नोकरीतून निवृत्त झाले नव्हते. गडचिरोली तेव्हा तालुक्याचं लहानसं गाव, जिल्हा चांद्याचा. मी तिथल्या शाळेत नवा मास्तर म्हणून रुजू झालो आणि खोली बघायला गेलो, तेव्हा त्यांनी माझं नाव, गाव, जात यांतलं काहीच विचारलं नाही. माझं मनगट दोन बोटांच्या कचाट्यात धरून मापलं, मला पायापासून शेंड्यापर्यंत न्याहाळलं आणि आत बायकोला हाक मारून सांगितलं, "सरळ आहे, पन वाढ झाली नाई." म्हणजे खोली मिळाली, असा त्याचा अर्थ होता. तो मला काकूंनी समजावून सांगितला.

सगळं गाव त्यांना भाऊ म्हणे. अंगात खाकी कोट, खाली खाकी अर्धी चड्डी, डोक्याला रुमाल. लग्न असो की मयत, वेष हाच. पुतणीसाठी स्थळ बघायला गेले तर मुलाची पाठ बोटांच्या पेरांनी ठोकून बघितली आणि चहा यायच्या आत "आतून पोकळ आहे" म्हणून उठले. तहसील कचेरीत कामाला गेले की काम राहायचं बाजूला, आधी साहेबांचा दरवाजा कुरवाळायचे. एकदा तर भर कचेरीत तहसीलदारांना म्हणाले की हा साग आलापल्लीकडचा, अजून दहा वर्षं उभा राहिला असता, फार लवकर तोडला. तहसीलदार बिचारे नवे होते. ते उगीचच ओशाळले.

या सगळ्यात त्यांची नंबर-पट्ट्याची पद्धत म्हणजे कहर होता. जंगलात तोडीसाठी जो तुकडा आखतात, त्यातल्या तोडायच्या झाडावर नाकेदार हातोड्याचा शिक्का मारून नंबर टाकतो. आणि जे बीजासाठी राखायचं, त्या झाडाच्या बुंध्याला सभोवार पट्टा ओढतो. नंबर म्हणजे जाणार, पट्टा म्हणजे राहणार. एवढं त्या मुलखात लहान पोरालाही कळतं. भाऊंनी हाच कायदा घरात लागू केला होता. खाटेखाली गेरूचा डबा आणि बुरूश कायम तयार. मोडकी खुर्ची, फुटका रांजण, दूध न देणारी म्हैस, यांच्यावर नंबर पडायचा आणि आठवड्याभरात ती वस्तू घरातून नाहीशी व्हायची. काकूंच्या माहेरच्या पाट्याला मात्र ठसठशीत पट्टा होता. मी पहिल्याच वर्षी कंटाळून बदलीचा अर्ज लिहायला घेतला आणि तसं जेवताना बोलून गेलो. दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर माझ्या खाटेच्या पायाला ओला गेरूचा पट्टा. मी अर्ज फाडून टाकला. का फाडला, ते आजही मला नीट सांगता येणार नाही.

एक्कावन्न सालची खानेसुमारी आली तेव्हा आम्हा मास्तरांना गणनेच्या कामाला जुंपलं. माझ्या वाट्याला जंगलातली सहा गावं आली. संध्याकाळी मी ओसरीवर यादी लावत बसलो होतो आणि भाऊ मागे उभे राहून वाचत होते. पाच गावांची नावं त्यांनी "हं, हं" करत ऐकली. सहावं नाव मोहटोला, आणि त्यापुढे कारकुनी अक्षरात एकच शब्द होता, 'रीठ'. रीठ म्हणजे उजाड गाव, जिथे कागदावर शेत आहे, शीव आहे, पण माणूस नाही. मी ते वाचलं आणि मागून "हं" आलाच नाही. त्या दिवशी भाऊ जेवले नाहीत. काकूंनी दोनदा विचारलं, तरी ओसरीच्या खांबाला टेकून बसून राहिले. मग मलाच म्हणाले, "मास्तर, थे गाव रीठ नाई. रीठ म्या केलं."

झालं होतं ते असं. दहा वर्षांपूर्वी मागची गणना झाली, तेव्हा घरांवर नंबर टाकायच्या कामावर याच नाकेदाराला धाडलं होतं. आदल्याच महिन्यात त्यांनी मोहटोल्याच्या शिवेवरचे साग नंबर टाकून तोडीला दिले होते. आता तेच बूट गावात आले, तोच डबा, तोच बुरूश, आणि दारादारावर नंबर पडू लागले. गावाने काय समजायचं ते समजून घेतलं. सकाळी गणना करणारे बाबू पोचले तर चुलीत राख, दारं सताड उघडी, गावात कोंबडीसुद्धा नाही. बाबूंना पुढचं गाव गाठायचं होतं. त्यांनी नाकेदाराला विचारलं, काय लिहू? नाकेदार घाईत होते, पायाला ठेच लागलेली होती, ते म्हणाले, लिहा रीठ. माणसं पावसाळ्याआधी परत आली, घरं शाकारली, धान पेरलं. कागदावर मात्र ती कधीच परतली नाहीत.

"झिऱ्याचं पानी पिऊन त्या गावातले लेकरं हगवनीनं मरून राह्यले," भाऊ म्हणाले. "दोनदा कचेरीत गेलो विहीर मागाले. बाबू म्हणे, रीठ गावात विहीर खोदली तं पानी कोन पिईन?"

झिरा म्हणजे नाल्याच्या वाळूत केलेला खड्डा. उन्हाळ्यात त्यात गुरं, डुकरं आणि माणसं एकाच पाण्यावर येतात. मी आमच्या पर्यवेक्षकांना मोहटोल्याचं सांगून पाहिलं. त्यांनी यादीवर बोट ठेवून रीठ गावाला जाऊन भत्ता वाया घालवू नका असं बजावलं; फारच हौस असेल तर एक दिवस देतो, त्यात माणूस भेटला तर लिहा, नाही तर जे आहे ते कायम. म्हणजे पुढची दहा वर्षं पुन्हा रीठ.

माझ्याबरोबर यायचं हे भाऊंनी मला न विचारताच ठरवलं होतं. काकूंनी एकच अट घातली, खाकी घरी ठेवा. त्या कपड्यांना बघून गाव पळालं, तर पुन्हा पळेल. मग भाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा धोतर नेसून घराबाहेर पाऊल टाकलं. नाला ओलांडताना त्याचा काष्टा दोनदा सुटला आणि दोन्ही वेळा त्यांनी मला पाठ करून उभं राहायला लावलं. पळस ऐन फुलावर होता, पण त्याच्याकडे बघायची आमची दोघांची मनःस्थिती नव्हती. मी विचारलं, गावात जाऊन काय सांगायचं? ते म्हणाले, पाहू.

धोतराचा काही उपयोग झाला नाही. ज्या माणसाची खोकण्याची तऱ्हा सुद्धा तीस वर्षं ओळखीची, त्याला धोतरात कोण ओळखणार नाही? आम्ही पोचलो तेव्हा सोळा घरांचा मोहटोला पुन्हा रिकामा होता. एका अंगणात भाताचं मडकं चुलीवर रटरटत होतं आणि ढवळायला कोणी नव्हतं. मी फॉर्मांची पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, भाऊ, हाका मारू या. ते म्हणाले, नाकेदाराच्या हाकेनं माणूस जवळ येत नाही, अजून दूर जातो. मग त्या चुलीपाशी उकिडवे बसून त्यांनी मडकं ढवळलं, विस्तव मागे ओढला, आणि उठून गावाच्या तोंडाशी असलेल्या मोहाच्या झाडापाशी गेले.

तो मोह म्हणजे गावाचा जीव. त्याच्या फुलांवर उन्हाळा निघायचा, त्याच्याच बुडाशी त्यांचा देव होता. भाऊंनी चपला काढल्या, देवाला हात जोडले. पिशवीतून डबा काढला. मी घाबरलो, म्हटलं हा माणूस पुन्हा नंबर टाकतो की काय. पण त्यांनी बुरूश गेरूत बुडवून बुंध्याभोवती फिरायला सुरुवात केली. सावकाश, कुठेही तुटू न देता, त्यांनी सबंध पट्टा ओढला. मग डबा बाजूला ठेवून पाठ जंगलाकडे करून बसले. मीही बसलो. झाडीत कुणीतरी आहे आणि बघतं आहे, एवढं मात्र मानेला कळत होतं.

सूर्य माथ्यावरून कलला तेव्हा गायता आला. गायता म्हणजे गावचा पुजारीही तोच आणि पुढारीही तोच. वाळका म्हातारा, खांद्यावर कुऱ्हाड. रामराम-जोहार केला नाही. पट्ट्याभोवती एक फेरी मारून तो कुठे तुटला आहे का ते पाहिलं आणि भाऊंच्या पुढ्यात बसला. तिकडे अहो-जाहो कुणालाच नाही.

"मोह राखला तू," तो म्हणाला. "घराचं काय?"

"घरावर नंबर पडन," भाऊ म्हणाले. "सरकारचा आहे, माह्या हाताखालचा नाई. पन त्याच्या खाली पट्टा मी मारीन. आन् नाव लिहिल्याबिगर विहीर भेटत नाई, हे तुले खरं सांगतो."

"मागं नंबरच मारला होता तू."

"चुकलं माहं."

एवढंच बोलणं झालं. नाकेदाराच्या तोंडून हे दोन शब्द त्या जंगलाने बहुधा पहिल्यांदाच ऐकले असतील. गायता उठला आणि त्याने तोंडाशी हात नेऊन एक लांब हाक दिली. आणि झाडाझुडपांतून माणसं निघायला लागली. म्हातारे, बाया, कडेवरची पोरं. मडक्याची मालकीण तडक चुलीकडे गेली, भात करपला नाही बघून तिने आमच्याकडे एकदा पाहिलं.

सोळाच्या सोळा दारांवर मी नंबर टाकले आणि प्रत्येक नंबराखाली भाऊंनी चौकटीला पट्टा ओढला. पट्टा वाळेपर्यंत घरातलं कुणी तोंड उघडत नसे. वाळला की नावं सांगत. वय विचारलं की पटकीच्या साथीच्या आधी की नंतर, तेवढं सांगत, आणि भाऊ मनगट मापून आकडा द्यायचे. मी ते तसेच लिहिले, देव मला क्षमा करो. शेवटच्या घरात एक पोरसवदा बाई होती. दोन मुलं गेलेली, तिसरं मांडीवर. दाराचा पट्टा झाल्यावर तिने त्या मुलाचा हात भाऊंपुढे धरला. तिला काय हवं ते आम्हा दोघांनाही कळलं. भाऊंनी बुरूश ठेवून दिला, करंगळी गेरूत बुडवली आणि त्या मनगटाभोवती पट्टा काढला. मग रांगच लागली. सगळी पोरं संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

परतीच्या वाटेवर भाऊ म्हणाले, "मास्तर, म्या लबाडी केली का?" मी म्हटलं, भाऊ, साधा गेरू तर होता. ते म्हणाले, "थेच तं. पट्टा मारला म्हंजे राखनं आलं." पर्यवेक्षकांनी मोहटोल्याचे भरलेले फॉर्म बघून चष्मा दोनदा पुसला, आणि यादीतला 'रीठ' त्यांच्या समोर खोडला गेला. भाऊंचं राखणं मात्र तिथून सुरू झालं. दर महिन्याला ते कचेरीत जाऊन बसू लागले. दरवाजा कुरवाळायचे, पण आता विहिरीचं विचारल्याशिवाय उठत नसत. दोन वर्षांनी विहीर मंजूर झाली ती गावाच्या गरजेने झाली की साहेब भाऊंना कंटाळल्यामुळे, हे सांगणं कठीण आहे. खोदाईच्या दिवसांत भाऊ घरी कमी आणि मोहटोल्यात जास्त असत.

त्याच सुमाराची गोष्ट. मोहटोल्याची माणसं बाजाराला आली की भाऊंकडे पाणी प्यायला थांबत. एका आठवड्याला गायता दारातच अडला. भाऊंच्या घरावरही गणनेचा नंबर होता, गावातल्या सगळ्याच घरांवर होता, आणि त्याच्याखाली पट्टा नव्हता. म्हातारा भयंकर चिडला. स्वतःच्या घराची पर्वा नसलेला हा कसला नाकेदार, असं काहीसं तो गोंडीत बोलला. काकूंकडून डबा मागून घेतला आणि स्वतःच्या हाताने चौकटीला पट्टा ओढला, वेडावाकडा, पण कुठेही न तुटलेला. भाऊ ओसरीवर बसून बघत होते. त्यांच्या आयुष्यात त्यांना कुणी झाड समजल्याची ही पहिलीच वेळ असावी. ते इतके खूश झाले की दिवसभर कुणाचंच मनगट मापलं नाही.

भाऊ गेले ते पुढे तीन वर्षांनी, हिवाळ्यात, दोन दिवसांच्या तापात. बातमी जंगलात कशी पोचली कोण जाणे. दुपारी मोहटोल्याचे आठ-दहा जण चालत आले. भाऊंना अंगणात ठेवलं होतं, अंगात खाकी कोटच होता. गायता आधी तिकडे गेला नाही. तो दाराशी गेला आणि खाली वाकून चौकटीवरून बोट फिरवू लागला. दर दिवाळीला काकू भिंतींना चुना देत, तेव्हा तेवढी जागा सोडून देत असत. पट्टा शाबूत होता. म्हाताऱ्याने तो पुन्हा एकदा तपासला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "मास्तर, पट्टा तं आहे."

मी रडलो, एवढंच.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. निघताना काकूंनी ती खाट मला देऊन टाकली. आज तिचा सुंभ चौथ्यांदा विणला आहे, चौकटीचं एक लाकूड बदललं आहे, पण पट्ट्याचा तो पाय तोच आहे. सून दर दिवाळीला म्हणते, बाबा, ही आता मोडीत काढू या. मी तिला पायावरचा पट्टा दाखवतो.