घोरपडीची फळी

एकतीस वर्षं बास्केटबॉलच्या कोर्टावर काढूनही मावशीनं एक सामना धड पाहिला नव्हता. पाहणार कशी? तिची जागा बास्केटखाली, रेषेबाहेरच्या बुटक्या स्टुलावर, आणि नजर कायम जमिनीवर. खेळाडू पडला की उठायचं, रुंद पोछा घेऊन धावायचं, घाम पुसायचा आणि शिट्टी वाजायच्या आत बाहेर यायचं. लोक चेंडूकडे बघत. मावशी चेंडू सोडून बाकी सगळं बघे. त्यामुळे जुन्या खेळाडूंबद्दलची तिची मतं कुणाशी जुळली नाहीत, आणि ती जुळावीत म्हणून तिनं कधी काडीचाही खटाटोप केला नाही.

त्या जुन्या संघावर सारं शहर जीव टाकायचं. शहरातला पगारी खेळाडूंचा तो पहिलाच संघ. सगळ्यांत लाडके साहेब. दर सामन्यात तीस-तीस गुण करायचे, आणि तेही भांग न मोडता. मावशीला विचाराल तर साहेब पूर्ण सामना खेळून गेले तरी जमीन कोरडी ठणठणीत. उंट होता, तो मान वर न करता रिंगेला हात लावायचा. उसळ्या होता, तो एकदा रिंगेसकटच खाली आला. या सगळ्यांची नावं अजून म्हाताऱ्यांच्या तोंडी होती.

घोरपडीचं नाव मात्र कुणी घेत नसे. समोरच्या खेळाडूला तो असा चिकटायचा की त्या बिचाऱ्याला घरी गेल्यावरही मागं वळून बघावंसं वाटत असेल. चेंडू घेऊन अंगावर येणाऱ्याच्या वाटेत तो पाय रोवून उभा राहायचा, धडक छातीवर घ्यायचा आणि पाठीवर आपटायचा. चूक धडकणाऱ्याची, चेंडू आपला. मग चेंडू साहेबांकडे जायचा आणि टाळ्याही साहेबांकडे.

मावशी पुसायला धावली की घोरपड पडल्या पडल्या दोन्ही पाय उचलून घ्यायचा. घरात कुणी केर काढत असलं की समजूतदार माणसं घेतात, तसे. एकतीस वर्षांत असा तो एकटाच निघाला. मावशी तेव्हा सगळ्यांची ताई होती.

“ताई, आलात?” तो विचारायचा.

“पडलास?” ती म्हणायची.

अकरा हंगाम दोघांचं बोलणं एवढंच. पण तिचा आवडता खेळाडू कोण, हे तिनं पहिल्याच हंगामात ठरवून टाकलं होतं.

यंदा क्लबनं जुनी लाकडी जमीन काढून नवी बसवायला घेतली. नव्या जमिनीवरच्या पहिल्या सामन्याला दारातल्या भिंतीवर जुन्या काळच्या पाच उत्तम खेळाडूंचे फोटो लागणार होते आणि त्याच दिवशी मावशी निवृत्त होणार होती. मॅनेजरनं यादी लावली. मॅनेजर तसा वाईट नव्हता, फक्त जग कागदावरून बघायचा. मावशीनं यादी दोनदा वाचली आणि तडक त्याच्या खोलीत गेली.

“चार ठीक आहेत. हा पाचवा कशाला? पाहुणा म्हणायचे त्याला सगळे. दीड हंगाम राहिला आणि मोठ्या संघात पळाला.”

“दीड हंगामात गुण किती केले ते बघा ना, मावशी. तुमच्या घोरपडीनं अकरा वर्षांत तेवढे केले नाहीत.”

“आणि घोरपड पडला किती वेळा?”

“पडण्याची नोंद नसते.”

“माझ्याकडे आहे.”

“आणा मग,” मॅनेजर हसून म्हणाला.

रागाच्या भरात तोंडातून निघून गेलं होतं. नोंद कुठली असायला? घरी आल्यावर मुलीनं तिची चांगलीच हजेरी घेतली. “आई, दोन आठवडे राहिलेत. मानानं घरी ये. कशाला त्या माणसाच्या नादी लागतेस?”

“मला माझा मान नकोय. त्याचा हवाय,” मावशी म्हणाली, आणि ताट पुढे ओढून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सुतार जुन्या फळ्या उचकटत होता. डाव्या बास्केटपाशी येऊन तो थांबला.

“मावशी, इथं छप्पर गळायचं का हो? बाकीचं लाकूड बघा कसं आहे. ही एकच फळी काळी पडलीय. रंधा मारून पाहिला, पण डाग पार आत मुरलाय.”

मावशी जवळ आली. बास्केटपासून दोन पावलं, डावीकडे. ती जागा तिला डोळे मिटूनही सापडली असती. किती वेळा इथं धावली असेल, आणि किती पोछे इथं झिजवले असतील. तिला एकदम इतका आनंद झाला की ती त्या फळीवर फतकल मारून बसली.

“छप्पर नाही, बाबा. माणूस,” ती म्हणाली. “आणि ही फळी मला हवी.”

“नियमात बसत नाही,” सुतार म्हणाला. पण बोलता बोलता त्यानं करवत उचललीही होती.

त्या संध्याकाळी तिनं घोरपडीला फोन लावला. तो आता दोन तासांवरच्या गावात पाण्याचे पंप दुरुस्त करायचा.

“मला कुणी बोलावलं नाही, ताई.”

“मी बोलावतेय. तिकीट काढ आणि ये.”

“गुडघे जिने चढू देत नाहीत.”

“मग लवकर नीघ आणि हळू चढ. पण ये.”

सामन्याच्या दिवशी पाच फोटोंच्या शेजारी हातभर लांबीची एक काळपट फळी दिसली. मॅनेजर बघतच राहिला.

“हे काय लावलंय?”

“नोंद. तुम्हीच आणा म्हणालात.”

“मावशी, काढा ते. मोठी माणसं येणार आहेत, काय म्हणतील?”

“विचारतील. विचारलं की सांगेन.”

“मला तुमच्याविरुद्ध लिहावं लागेल.”

“लिहा की. आज माझा शेवटचा दिवस, तुमचीच शाई जाईल.”

मॅनेजरनं सुताराला बोलावलं. सुतारानं फळी जराशी हलवून पाहिली आणि मान हलवली. “मावशींनी सहा स्क्रू मारलेत. ओढली तर भिंतीसकट येईल.” तेवढ्यात पाहुणे आलेच.

साहेब पुढे होते. पोट सुटलं होतं, भांग मात्र जागच्या जागी होता. स्वतःच्या फोटोकडे बघून ते हसले आणि मग फळीपाशी थबकले.

“काही नाही, जुनं लाकूड आहे, उद्या काढतो,” मॅनेजर घाईनं म्हणाला.

“डाव्या बास्केटपासून दोन पावलं,” मावशी म्हणाली.

साहेबांनी डागावरून बोटं फिरवली. बराच वेळ फिरवली. “तो इथंच पडायचा,” ते म्हणाले.

“हो. आणि तुम्ही चेंडू घेऊन पुढे पळायचात. मागे वळून एकदाही पाहिलं नाहीत.”

मॅनेजरचा चेहरा पांढराफटक पडला. मावशीचा आवाज मात्र जराही हलला नाही. हे वाक्य तिनं वीस वर्षं सांभाळून ठेवलं होतं.

“नाही पाहिलं, ताई,” साहेब म्हणाले. “आहे कुठं तो?”

“सगळ्यांत वरच्या रांगेत. तिकीट काढून बसलाय.”

“खाली खुर्ची टाकायला सांगतो, बोलावून घेऊ त्यांना,” मॅनेजर म्हणाला.

“तो खाली येणार नाही. पडून पडून गुडघे गेलेत त्याचे. ज्याला भेटायचं असेल त्यानं चढावं.”

चव्वेचाळीस पायऱ्या होत्या. साहेब कठड्याला धरून चढू लागले आणि त्यांच्यामागून मावशी. विसाव्या पायरीवर ते धापा टाकायला लागले, तिसावीवर शर्ट पाठीला चिकटला. वरच्या रांगेत घोरपडीनं दोघांना येताना पाहिलं आणि वाट व्हावी म्हणून आपले ताठरलेले पाय दोन्ही हातांनी उचलून बाजूला घेतले.

“ताई, आलात?” त्यानं विचारलं.

साहेब त्याच्यासमोर उभे राहिले. कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावरून पायरीवर टपटप पडत होता. मावशीचा हात सवयीनं कमरेला खोचलेल्या फडक्याकडे गेला. मग तिनं तो मागे घेतला, आणि ते थेंब तिथंच राहू दिले.