डाव्या पट्टीचा मधला स्क्रू

बंदुका दुरुस्त करणाऱ्या दुकानात बाई दिसली की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला. "उस्ताद कुठायत?" तिच्या पुढ्यात बंदूक उघडी पडलेली असो, कोपरापर्यंत हात तेलाने माखलेले असोत, प्रश्न तोच. एकोणिसाव्या वर्षी ती वडिलांशेजारी कामाला बसली, आता चाळिशी आली, तरी माणसं तिच्या डोक्यावरून पलीकडे बघतात. स्टूलसुद्धा लोक जरा बाजूला सरकवतात हो, हिला तेवढंही नाही!

उस्ताद म्हणजे तिचे वडील. घरात आबा. गावभर नाव, आणि राग नाकावर.

तिचा जीव मात्र स्क्रू ड्रायव्हरमध्ये. हसू नका. बाजारातल्या ड्रायव्हरचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं. ते स्क्रूच्या खाचेत वरवर अडकतं, तळाला टेकतच नाही. जोर लावला की उसळतं आणि खाचेच्या कडा खाऊन टाकतं. रेडिओचा स्क्रू बिघडला तर कुणी बघायला येत नाही. बंदुकीचा बिघडला की मालकाला जन्मभर दिसतो. म्हणून टोक दोन्ही अंगांनी सरळ हवं, खाचेइतकंच जाड आणि स्क्रूच्या डोक्यापेक्षा केसभरही रुंद नको, नाहीतर भोवतालची नक्षी ओरबाडली जाते. जुन्या, हाताने घडवलेल्या बंदुकीत तर दोन स्क्रू एका मापाचे सापडतील तर शपथ. मग प्रत्येकासाठी वेगळं टोक घासा. घासताना ते सारखं पाण्यात बुडवा, कारण तापून निळं पडलं की पोलाद मऊ झालं, मेहनत पाण्यात. असे त्र्याहत्तर ड्रायव्हर तिने घासून भिंतीवरच्या खिळ्यांना लावले होते. टोक खाचेत उभं करून खिडकीकडे धरायचं आणि बाजूने उजेडाची रेघ दिसली तर तो ड्रायव्हर परत ठेवायचा, हे आबांनीच तिला शिकवलेलं.

आणि आता आबाच उजेडाकडे बघेनासे झाले होते. वर्षभर ते अंगठ्याने टोक चाचपून ड्रायव्हर उचलत. "चाळीस वर्षांचा हात आहे, डोळे कशाला हवेत?" आई म्हणाली, "परवा चहा कपाबाहेर ओतला, वर मलाच म्हणतात, कप का हलवलास!" डॉक्टरचं नाव काढलं की जेवत्या ताटावरून उठायचे. नाजूक कामं ती गुपचूप उरकायची. गिऱ्हाईक वाहवा करायचं आणि आबा मिशीवरून हात फिरवायचे. मागच्या साली वकीलसाहेबांची रायफल अशीच झाली होती. काम करणारी ती दोन हातांवर उभी होती, पण कौतुक घेतलं आबांनी. घरी येऊन तिने भांडी आपटली. दुसरं काय करणार?

त्या दिवशी वकीलसाहेबांचीच दुसरी बंदूक टेबलावर होती. दुनळी, त्यांच्या वडिलांची. चाप जड चालत होता, म्हणजे आतली कळ उघडायला हवी. तिच्यावर सहा स्क्रू, दोन्ही बाजूंच्या पोलादी पट्ट्यांवर कोरलेली तित्तिरं. बंदूक रिकामी असल्याची तिने दोनदा खात्री केली, पाच स्क्रूंना ड्रायव्हर निवडून ओळीने मांडले. डाव्या पट्टीचा मधला स्क्रू मात्र अडून बसला. खाच एवढी बारीक की भिंतीवरचं एकही टोक त्यात उतरेना.

"आबा, याला नवं टोक घासावं लागेल. अर्धा तास. तोवर हात लावू नका."

"मला शिकवतेस?"

"शिकवत नाही, सांगतेय."

ती मागच्या खोलीत दगडावर घासायला बसली. जेमतेम दहा मिनिटं झाली असतील आणि पुढून कर्र असा आवाज आला. तो आवाज तिने हजार आवाजांतून ओळखला असता. हातातलं ओलं टोक घेऊन ती तशीच धावली. खाचेची एक कड उचकटली होती आणि ड्रायव्हर घसरत जाऊन तित्तिराच्या मानेवरून आडवा ओरखडा गेला होता.

"अर्धा तास थांबता आलं नाही का हो तुम्हाला?"

"चुकीचा ड्रायव्हर खिळ्याला कुणी लावला? तूच ना?"

"चोराच्या उलट्या बोंबा! तो याचा नव्हताच मुळी. उजेडाला धरून बघितलात?"

आबा फडक्याने हात पुसत म्हणाले, "स्क्रूच सडका होता." स्क्रू सडका! शंभर वर्षं टिकलेला स्क्रू त्यांच्या हातात यायची वाट बघत सडला होता म्हणे. तिला रडू आलं, ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. बोलावं तर चाळीस वर्षांचं नाव मातीत जाणार. न बोलावं तर लोकांनी विश्वासाने दिलेल्या बंदुका एकेक करून नासणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि तिला ढकलणारा जन्मदाता बाप.

चार वाजता वकीलसाहेब आले. पट्टीवरून बोट फिरवलं आणि त्यांचा चेहराच पडला.

"हे काय झालं, उस्ताद?"

आबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. "पोरीच्या हातून निसटला."

तिने दात आवळले. गिळलं तिने तेही. एवढी वर्षं गिळलं, त्यात आणखी एक घास.

"हिला हात कशाला लावू दिलात?" वकीलसाहेब कळवळून म्हणाले. "वडिलांची एवढीच एक वस्तू आहे माझ्याकडे. आता उरलेले पाच तरी तुम्ही स्वतः काढा."

"हो तर! मीच काढतो," आबा म्हणाले.

इथे मात्र तिचा बांध फुटला. "साहेब, तो माझ्या हातून निसटलेला नाही. आणि बाकीच्या पाचांना आबा हात लावणार नाहीत. त्यांना खाच दिसत नाही. हवं तर बंदूक दुसरीकडे न्या, पण यांच्या हातात देऊ नका."

"तोंड सांभाळ!" आबा ताडकन उठले. "दिसत नाही म्हणे! थांबा साहेब, दाखवतोच तुम्हाला." ते भिंतीकडे वळले आणि ड्रायव्हर घ्यायला हात टाकला. हात दोन खिळ्यांच्या मधल्या कोऱ्या भिंतीवर पडला. पुन्हा टाकला. पुन्हा भिंत. ती पुढे झाली नाही, वकीलसाहेबही हलले नाहीत. आबा हळूहळू स्टुलावर बसले.

"वर्ष झालं," ते म्हणाले. "हिला माहीत आहे. मागच्या साली तुमची रायफल केली ना, तीही हिनेच. मी नुसती पुसून दिली."

वकीलसाहेबांना कुठे बघावं कळेना. त्यांनी घसा खाकरला, बंदूक अलगद तिच्याकडे सरकवली. "बरं. मग ताईच करू देत. पण उस्ताद, एक विनंती आहे. जोखमीचं काम आहे, तुम्ही आपले हिच्या शेजारी बसून नीट बघत राहा, म्हणजे मला घोर नाही."

"काय बघत राहू?" आबा ओरडले, आणि ओरडता ओरडता त्यांचा आवाज चिरकला. "दिसत नाही, दिसत नाही म्हणून सांगतोय ना मघापासून!"

हे त्यांच्या तोंडून ऐकण्यासाठी ती वर्षभर तळमळली होती. आता ऐकलं, तर तिला मान वर करवेना.