अर्ध्या मिटल्या डोळ्यांचे गणपती

गणपतीच्या कारखान्यात किस्से जमवायला काही खास करावं लागत नाही. हात दिवसभर कामात आणि तोंड मोकळं, मग दुसरं होणार काय? पेणमधला आमचा कारखाना तसा लहान, पण किस्स्यांच्या बाबतीत आम्ही कोणाला हार जाणार नाही. त्यातले बरेचसे माझ्या नावावर आहेत, आणि त्याला कारण झोपेच्या गोळ्या. डोलवीला पोलादाची कंपनी उभी राहत होती आणि आमची निम्मी पोरं तिकडे कॉन्ट्रॅक्टवर पळाली होती, त्या सुमाराची ही गोष्ट.

माझं काम आखणीचं. म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचे. साचा कोणीही भरावा, रंग कोणीही द्यावा, पण डोळे एकाच हातचे लागतात. त्या वर्षी बायको गेली. मुलगी आधीच लग्न होऊन रोह्याला. घरात मी एकटा, आणि झोप जी उडाली ती उडालीच.

*

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "बापू, चहा किती घेता?"

"पाच-सहा होतात."

"तो बंद करा. झोप येईल."

मी म्हटलं, "साहेब, चहाला आम्ही सगळे एकत्र बसतो. तो नाय बंद करणार. दुसरं काय ते सांगा."

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. म्हणाले, "ही घेतली की लगेच आडवं व्हायचं. गप्पा मारत बसायचं नाही."

"कोणाशी?" मी विचारलं.

*

गोळी लागू पडली. मेल्यासारखा झोपलो. फक्त सकाळी उठलो तरी ती उतरेना. तोंडाला कोरड, जिभेला शाडूची चव, डोकं जड. तसाच कारखान्यात गेलो आणि एक अख्खी रांग आखून टाकली.

मालक भाऊशेठ रांगेसमोर बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "बापू, हे देव जागे आहेत की झोपलेत?"

बघतो तर सगळ्या गणपतींच्या वरच्या पापण्या खाली उतरलेल्या! आरतीला कंटाळल्यासारखे बसले होते बिचारे. तेवढ्यात वडखळचं एक गिऱ्हाईक मूर्ती पसंत करायला आलं. आता हा बोंब मारणार, असं वाटलं. त्यानं एक मूर्ती खालून-वरून न्याहाळली आणि म्हणाला, "आमचा दीड दिवसाचाच हाय. तेवढा जागा ऱ्हायला म्हंजे झाला."

कारखाना हसून हसून आडवा झाला. हसणं ओसरल्यावर भाऊशेठनं मला बाजूला घेतलं. "बापू, परत असं झालं तर मला दुसरा आखणीवाला आणावा लागेल. सीझन तोंडावर आहे."

त्याचं काही चुकलं नव्हतं. मी बाकीचे डोळे पुसून पुन्हा काढले. आखणी गेली तर पैशाचं कसंही भागलं असतं. दिवसभर कोणाशी बोलायचं, हा खरा प्रश्न होता.

*

डॉक्टरांनी अर्धी गोळी करायला सांगितली. घरच्या विळीवर तिचा भुगा झाला, म्हणून ती कारखान्यात आणली आणि कोरणीनं दाबली. एक तुकडा हातात राहिला, दुसरा उडून पांढऱ्या रंगाच्या डब्यात! पांढऱ्यात पांढरं, सापडतंय कुठं?

साचे भरणारा गजा शांतपणे म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. यंदा मखरात देव हलायचा नाय."

*

एका रविवारी मुलीकडे जायला गाडीत बसलो. डुलकी लागली, गाडी थांबली, रोहा आलं समजून उतरलो. गाडी गेल्यावर पाटी वाचली तर निडी.

स्टेशनात एक बाई भाजीची टोपली घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "कोनाकडं आलाव?"

"मुलीकडे. रोह्याला."

"रोह्याला कोनाकडं? आमची लय मानसं हायत तिथं."

मी तोंड उघडलं आणि जावयाचं आडनाव काही केल्या आठवेना. त्या गोळीनं हेही व्हायचं. रोजच्या ओळखीच्या गोष्टी अचानक गायब.

बाई म्हणाली, "आसू दे. लेक तुमचीच हाय ना? मंग तुमचाच आडनाव सांगा."

मला आधी हसू आलं. मग डोळे भरून आले, तेव्हा मी उगाच पिशवीत काही तरी शोधत बसलो.

तिनंच एका रिक्षावाल्याला हाक मारून मला रोह्याला पाठवलं. रोहा दिसल्यावर आडनाव आठवलं. सगळं ऐकून मुलगी म्हणाली, "बाबा, आता इकडेच या राहायला. ह्यांची शिफ्ट असते, माझी शाळा असते. तुम्ही आरामात पडून राहा."

"पडूनच राहायचं तर पेण काय वाईट आहे?" मी म्हटलं. ती रागावली. पण मी खोटं बोललो नव्हतो.

*

एका सकाळी उठलो तर स्वयंपाकघरात दोन ताटं. एक माझं, जेवून झालेलं. दुसरं पूर्ण वाढलेलं. भात, आमटी, कडेला लोणचं, शेजारी पाण्याचा तांब्या. गोळी घेतल्यावर मी उठून वाढलं असणार, पण मला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. लोणचं मी खात नाही. बायको खायची.

हा किस्सा मी चहाच्या वेळी चांगला रंगवून सांगितला. "आमच्याकडे पाहुणे येतात आणि न जेवता जातात," वगैरे. कोणी हसलं नाही. गजानं चहाचे कप उचलले आणि धुवायला घेऊन गेला.

दुसऱ्या दिवसापासून रंगकाम करणारी यमुनाबाई डब्यात एक भाकरी जास्त आणायला लागली. विचारलं तर म्हणाली, "पीठ जास्त मलला."

*

शेवटी डॉक्टरांना विचारून गोळी हळूहळू सोडली. हात पूर्वीसारखा चालायला लागला, भाऊशेठ निर्धास्त झाला. पण झोप पुन्हा गेली ती गेलीच. डोळ्यांची आग व्हायची. असंच चाललं तर सीझनभर टिकणार नाही, हे मला कळत होतं.

अशातच एका दुपारी जेवणं झाली आणि मी भिंतीला टेकून बसलो. यमुनाबाई पितांबरं रंगवता रंगवता बायकांना सुनेची हकिगत सांगत होती. तिचं गाव खाडीकडचं, घरची माणसं मिठागरावर कामाला, तिथं सगळे मोठ्यानं बोलतात. सून रुसली. सुनेनं पिशवी भरली. सून एस्टी स्टँडवर गेली.

"आनि स्टँडवर तिला कोन भेटला सांगू..."

कोण भेटला ते मला ऐकू आलं नाही. मान कलली होती.

मग भाऊशेठ आत आला. त्यानं मला बघितलं आणि तोंडावर बोट ठेवलं. यमुनाबाई गप्प. गजानं रेडिओ बंद केला. बाहेर कोणी पत्रा ठोकत होतं, त्यालाही थांबवलं. सगळा कारखाना माझ्यासाठी चिडीचूप.

मी खाडकन जागा झालो.

"काय झालं?"

"काय नाय," यमुनाबाई कुजबुजली. "तुम्ही निजा."

"मग गप्प का बसलात?"

"झोप मोडंल म्हनून."

मी पुन्हा भिंतीला टेकलो. "बोला तुम्ही," मी म्हटलं.

यमुनाबाईनं भाऊशेठकडे बघितलं. भाऊशेठ माझ्याकडे बघत होता. तो म्हणाला, "बोल गो. मोठ्यानं बोल."

"तर काय सांगत व्हते," यमुनाबाईनं आवाज चढवला, "सून गेली स्टँडवर..."

त्या सुनेला स्टँडवर कोण भेटला, ते मला अजून माहीत नाही.