नाव काठाला लावताना

नाव चालवण्यापेक्षा ती काठाला लावण्यातच माणूस जास्त थकतं, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

माझं माहेर हसनाबादकडचं. तिथल्या नदीत उन्हाळ्यात पाण्यापेक्षा वाळूच जास्त. नाव मी पहिल्यांदा पाहिली ती लग्न होऊन गोदावरीकाठच्या या गावात आल्यावर. इकडं गोदावरीला सगळे गंगाच म्हणतात. बंधारा झाल्यापासून गंगेत बराच काळ पाणी तुंबलेलं असतं, आणि गावातल्या कुणाचं शेत पलीकडं, तर कुणाची सोयरीक. नवरा लोकांची ने-आण करायचा. मग त्याच्या कमरेची गादी सरकली आणि डॉक्टरांनी वल्ह्याला हात लावायचा नाही असं बजावलं. सासऱ्यांच्यानं आता वल्हं ओढवत नव्हतं. राहिलं कोण, तर मी.

सासरे काठावर बसून मला शिकवायचे. वल्हं मारायला मी लवकर शिकले. पण काठ जवळ आला की घाबरायला व्हायचं. मी घाईनं जोर लावायचे आणि नाव आडवी होऊन भलतीकडंच जायची.

"काठ काय पळून चाल्लाय का?" सासरे ओरडायचे. "लांबूनच हात सैल सोड. नावेचं नाक धारेकडं धर, मंग पाणीच तिला थांबवतंय."

"मामा, मागून लोक घाई करतात."

"करू दे. भरलेली नाव आधी, रिकामी मागं. अन् दोर बांधल्याबिगर कुणाला उठू द्यायचं न्हाई. बिलकुल न्हाई."

आमच्या घाटावर खडकाची एक सपाट जागा आहे, जेमतेम दोन नावा लागतील एवढी. बाकी सगळा चिखल. तीर्थपुरीच्या बाजाराच्या दिवशी पलीकडच्या सगळ्या नावा त्याच जागेसाठी येतात. त्या गर्दीतच एकदा माझी नाव शेजारच्या नावेकडं ढकलली गेली. ती नाव एका म्हाताऱ्या चाचांची होती. आता धडक बसणार असं वाटलं आणि मी हात मध्ये घातला. दोन्ही नावांच्या कडांमध्ये माझी बोटं चेचली. डोळ्यांपुढं अंधारी आली.

चाचांनी खांद्यावरचा रुमाल फाडून बोटांना गुंडाळला. ते रागावलेच होते.

"नाव फुटली तर लाकूड मिळतंय, बेटी. बोट कुठून आणायचं? बांबूनं ढकलायचं, पायानं ढकलायचं, पण हात मध्ये न्हाई."

हात बरा होईपर्यंत आमच्या फेऱ्याही त्यांनीच केल्या. मी घरी डाव्या हातानं भाकरी थापत होते. त्या वेडीवाकड्या भाकरी सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ल्या.

नंतरचा एक बाजार मला चांगलाच आठवतो. ऊन तापलं होतं आणि अचानक वारा सुटला. पाणी उचंबळायला लागलं. घाटावर दोन नावा आधीच लागलेल्या, माणसं उतरत होती. त्यांच्यामागं मी, आणि माझ्यामागं चाचा. त्यांच्या नावेत विकायच्या बकऱ्या होत्या, नाव पाण्यात खोल बसलेली आणि बकऱ्या बिथरलेल्या. मी वल्हं उलटं मारलं, बाजूला झाले आणि त्यांना हात केला, तुम्ही पुढं व्हा.

माझ्या नावेतली एक आजी मेथीची पाटी मांडीवर घेऊन बसली होती. ती भडकली. "अगं, आपला नंबर आधी हाय! माझी भाजी सुकून राह्यली. घे ना पुढं!"

बाकीचेही कुरकुरायला लागले. वारा नाव फिरवत होता. ती जागच्या जागी धरून ठेवताना माझे खांदे भरून आले होते. मलाही वाटलं, घालावी नाव आणि व्हावं मोकळं.

तेवढ्यात इंजिनाची एक नाव कडेनं घुसली. तिच्या लाटेनं चाचांची नाव बाजूला हेलकावली, आणि ती इंजिनाची नाव घाटाला लागलेल्या नावेवर धाडकन आदळली. त्या नावेत जी माणसं उभी होती ती सगळी पाण्यात. पाणी कमरेएवढंच होतं म्हणून निभावलं. तरी एका बाईचा हात मनगटातून मोडला. ती कळवळत होती आणि लोक इंजिनवाल्याला शिव्या घालत होते. तो खाली मान घालून इंजिन बंद करून बसला.

मी तेव्हा घाईनं नाव घातली असती, तर त्या धडकेत आम्हीच सापडलो असतो.

पाण्यातल्या सगळ्यांना वर काढल्यावर चाचांनी बकऱ्या उतरवल्या आणि तसेच कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले. "आव बेटी, आरामात. दोर इकडं टाक."

मी दोर टाकला. एक माणूस उठायला लागला, तर मेथीवाल्या आजीनंच त्याचं धोतर धरून त्याला खाली बसवलं. "बांधू दे की आधी!"

सासरे काठावरून सगळं पाहत होते. मला वाटलं, काहीतरी चांगलं बोलतील. ते म्हणाले, "नाक जरा जास्त वळलं." आणि उठून घरी गेले. रात्री माझा हात डोक्याच्या वर जाईना. नवऱ्यानं तेल कोमट करून खांद्याला चोळलं. तेव्हा त्याच्याकडून कळलं, सासऱ्यांनी तो प्रसंग सगळ्या गल्लीला ऐकवला होता.

नवऱ्याची कंबर पुरती बरी झालीच नाही. नाव माझ्याकडंच राहिली. आता काठ जवळ आला की मी घाबरत नाही, पण हलकंही वाटत नाही. संध्याकाळी शेवटची माणसं उतरतात, मी दोर बांधते आणि तशीच नावेत बसून राहते. घरी स्वयंपाक पडलेला असतो. उठायचं असतं, पण उठवत नाही.