न दुखणारा अंगठा

आमच्या चर्चमध्ये प्रत्येकाला काही ना काही येतं. कुणी व्हायोलिन वाजवतं, कुणी वेदीवर फुलं लावतं, कुणाचा गळा चांगला असतो. मला यातलं एकही येत नाही. मला म्हाताऱ्या माणसांची नखं कापता येतात.

हे मी सासूबाईंमुळे शिकले. त्या सहा वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. मी घरी ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवते, त्यामुळे कात्रीवर हात बसलेला होता. म्हातारपणी पायाची नखं शिंपल्यासारखी जाड होतात, वाकडी वाढतात, मांसात शिरतात. माणसाला स्वतःला वाकता येत नाही आणि मुलांना सांगायला लाज वाटते. सासूबाई गेल्यावर शेजारच्यांनी बोलावलं, मग त्यांच्या शेजारच्यांनी. फादर एकदा मिस्सानंतर म्हणाले, "देवाने दिलेलं लहान समजू नका." मला त्यात देवाचं फारसं काही दिसलं नव्हतं. काम होतं, कुणीतरी करायला हवं होतं. येशूने शिष्यांचे पाय धुतले म्हणून पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात, पण ते बारा जण घरूनच पाय घासूनपुसून आलेले असतात. माझ्या वाट्याला येणारे पाय तसे नसतात, एवढाच फरक.

दर पंधरा दिवसांनी आठ घरं. पद्धत ठरलेली. टबात कोमट पाणी, त्यात मीठ, पाय वीस मिनिटं बुडवून ठेवायचे. तोवर त्यांच्याच गॅसवर नेलकटर उकळायचं. मग कापायचं. एका घराला पाऊण तास लागतो, म्हणून मी दोन दिवसांत आठ घरं वाटून घेत असे.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी आमच्या वाडीत सायबीण आली. सायबीण म्हणजे मरियामातेची मूर्ती. ती एका घरी एक दिवस राहते, संध्याकाळी तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना होते, उकडलेले चणे वाटले जातात, आणि दुसऱ्या दिवशी गाणी म्हणत तिला पुढच्या घरी पोचवतात. ती येणार म्हटलं की घरं सारवली जातात, पडदे धुतले जातात, आणि म्हाताऱ्यांनाही आपण नीटनेटकं दिसावं असं वाटतं. आठही घरांचा एकच निरोप होता: गुरुवारीच या, सायबीण वाडीत यायच्या आधी; पहिल्या तेर्साला सगळेच जमणार. मी हो म्हटलं. दोन दिवसांचं काम एका दिवसात करायचं तर काहीतरी वगळावं लागणार. मी पाणी वगळलं आणि उकळणं वगळलं. स्पिरिटच्या बोळ्याने कटर पुसायचं आणि पुढे जायचं.

तिसरं घर जाळी विणणाऱ्या एका आजोबांचं. त्यांच्या नखाच्या कडेला पिवळा पू होता. मी कटर पुसलं, जरा जास्त वेळ पुसलं, आणि चौथ्या घरी गेले.

चौथं घर मायचं. ती माझी आई नव्हे. सगळी वाडी तिला माय म्हणते. वय अठ्ठ्याहत्तर, अंगात साखर, तोंड तिखट. मुलगा आखातात नोकरीला असतो, घर सून चालवते. मागच्या दोन खोल्यांत सुनेने पर्यटकांची सोय केली आहे. त्या दिवशी तिच्याकडे पाहुणे होते आणि वाडीतलं सायबिणीचं पहिलं घर त्यांचंच, संध्याकाळी ती यायची होती. तिला पाणी प्यायलाही सवड नव्हती.

माय ओसरीवर पाय लांब करून बसली होती. "ब्लाउज बेततंस तसा मोजून कापतंस की काय गो? सायबीण दारात येवची वेळ झाली."

"दुखलं तर सांग," मी म्हटलं.

"माझ्या पायांक काय्येक लागणा नाय. खडपावर, दगडधोंड्यांत चलललंय मी जन्मभर."

उजव्या अंगठ्याचं नख कोपऱ्यात रुतलं होतं. पाण्यात भिजलं असतं तर ते सुटून आलं असतं. मी कटरचं टोक आत घातलं आणि दाबलं. नख तुटलं ते मला हाताला कळलं, पण त्यासोबत आणखी काहीतरी मऊ तुटलं. रक्त आलं. मी वर पाहिलं. माय कुंपणापलीकडे शेजारणीशी चण्यांबद्दल बोलत होती.

इथे मी चुकले. इतकी वर्षं मी माणसाच्या "आई गं" वर काम करत होते. पाय आखडला की थांबायचं, नाही आखडला म्हणजे सगळं ठीक. साखरेच्या माणसाच्या पायाला दुखणं कळत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं. मला वाटलं, बाई काटक आहे. कापडाची चिंधी गुंडाळली, हळद दाबली आणि म्हटलं, "थोडं खरचटलंय. ओलं करू नकोस."

"बरा," ती म्हणाली आणि पुन्हा चण्यांकडे वळली.

सुनेला मी काही सांगितलं नाही. ती चादरी वाळत घालत होती. पुढे चार घरं होती.

शुक्रवारी संध्याकाळी सायबिणीला पुढच्या घरी पोचवायचं होतं. आमच्याकडे रीत अशी की त्या घरातली सगळ्यांत मोठी बाई अनवाणी पुढे चालते. मायने चप्पल काढून ओसरीखाली ठेवली तेव्हा मी समोरच उभी होते, हातात मेणबत्ती घेऊन. पायाची चिंधी गेली होती. अंगठ्याच्या कोपऱ्यात काळपट लाल खळगा दिसत होता. पाणंदीत चिऱ्याचे तुकडे, शेण, पुढे मासे सुकवायची वाळू.

मला एवढंच म्हणायचं होतं: माय, चप्पल घाल, तुझ्या पायाला माझ्या हातून लागलंय. वाडीतली चाळीस माणसं उभी होती, सून मूर्ती उचलत होती. मी गाणं म्हणू लागले. अख्खी वाट मी मूर्तीकडे पाहिलं नाही, त्या टाचांकडे पाहत होते. ती वाळूत उतरली तेव्हाही मी गातच होते.

रविवारी माय मिस्साला आली नाही. मी सुनेला विचारलं. "थकली हा," ती म्हणाली. पायाबद्दल मी विचारलं नाही. विचारलं तर कळलं असतं, आणि कळायला नको होतं. सोमवारी एका ब्लाउजच्या दोन्ही बाह्या उजव्याच बेतल्या. वीस वर्षांत असं झालं नव्हतं.

मंगळवारी सकाळी सुनेचा फोन आला. "आंटी, माय उठणा नाय. आंग तापला हा. येतंत काय?"

खोलीत शिरतानाच वास आला. सासूबाईंच्या पाठीला जखमा झाल्या होत्या तेव्हा हाच वास येत असे, म्हणून मला तो ओळखू आला. अंगठा काळानिळा झाला होता, घोट्यापर्यंत सूज, कातडी ताणून चकचकीत. मायला ताप होता, पण ती कण्हतही नव्हती. तिला पाय दुखतच नव्हता. मला भीती वाटली ती त्याची.

रिक्षातून तिला दवाखान्यात नेलं. ती मध्ये, एका बाजूला सून, एका बाजूला मी, आणि तो पाय माझ्या मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला मी तो उचलून धरत होते. मनात एकच चाललं होतं: पाय कापतील. घोट्यातून कापतील की गुडघ्यातून, एवढाच प्रश्न. ही बाई उद्यापासून संडासलाही एकटी जाऊ शकणार नाही.

डॉक्टरांनी पाय पाहिला आणि विचारलं, "जखम कशी झाली? कधी?"

सून म्हणाली, "शुक्रवारी अनवाणी चालली होती. दगड लागला असणार."

ते किती सोपं होतं. कुणालाही पटलं असतं. मायलासुद्धा पटलं असतं, तिला तर कापलेलं कळलंच नव्हतं. डॉक्टर लिहू लागले. मी माझ्या पिशवीकडे पाहत होते. नेलकटर त्यातच होतं.

"दगड नाही," मी म्हटलं. "गुरुवारी मी नखं काढताना कापलं. मी कटर उकळलं नव्हतं. त्याच्या आधी पू आलेल्या पायाला लावलं होतं."

डॉक्टरांनी पेन थांबवलं. ओरडले नाहीत. "बरं झालं सांगितलंत. औषध त्याप्रमाणे बघावं लागेल. यांच्यानंतर ते कुणाला वापरलं?"

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. पाच दिवस मी एकाच पायाला घाबरत होते. "चार जणांना," मी म्हटलं.

"मग आजच्या आज ते पाय बघा. साखर असलेला कुणी असेल तर आधी त्याला इथे आणा."

सून बाहेर व्हरांड्यात उभी होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तेवाच सांगूचा होता, आंटी. मग ती चलली नसती."

ती बोलली ते खरं होतं.

दुपारी मी वाडीत परतले. पाचवं घर, सहावं, सातवं, आठवं. पूवाल्या आजोबांचंही. दारात उभं राहून तेच वाक्य: "गुरुवारी माझं कटर स्वच्छ नव्हतं. मायच्या पायाला त्यामुळे झालंय. पाय दाखवा." दर वेळी ते वाक्य म्हणण्याआधी मी थोडा वेळ फाटकाची कडी हातात धरून उभी राहत होते.

पाचव्या घरी काही निघालं नाही. सहाव्या घरचे म्हातारबुवा हसले. "आता पायांचो पंचनामो काय गो? बघ, बघ. दहाय हत." त्यांचं सगळं ठीक होतं. सातव्या घरी मुलीने मला ओसरीवरच थांबवलं. आईचा पाय तिने स्वतः पाहिला, बरा आहे म्हणाली, आणि पुढे म्हणाली, "आमच्याकडे आता येऊ नका." मी मान हलवली. आठव्या घरच्या बाईच्या करंगळीभोवती लाल झालं होतं. तिला साखर होती. तिला त्याच रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेले, गोळ्या मिळाल्या, चार दिवसांत उतरलं. पण ते चार दिवस मी रोज सकाळी उठले की आधी तिच्या घरी जाऊन ती करंगळी पाहायचे आणि मग घरी येऊन चहा ठेवायचे.

मायचा अंगठा गुरुवारी काढला. पाय वाचेल की नाही ते दोन दिवसांनी कळेल, असं डॉक्टर म्हणाले. ते दोन दिवस, सकाळी करंगळी पाहून आल्यावर, मी व्हरांड्यातल्या बाकावर काढले. सून माझ्याशी बोलत नव्हती, पण डबा दोन माणसांचा आणत होती. हातात जपमाळ होती, पण मला काही मागता येईना. माझ्या चुकीचं मीच काय मागणार? शेवटी नुसती एकेक मणी सरकवत बसले. शनिवारी सकाळी डॉक्टर पट्टी बदलून बाहेर आले आणि म्हणाले, "सूज उतरतेय. पाय राहील."

मी आत गेले. मायला अर्धवट गुंगी होती. मी तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. चिंधी, हळद, मेणबत्ती घेऊन उभी होते तेही.

ती छताकडे बघतच म्हणाली, "माका वाटला, मी म्हातारी झालंय म्हणून देवान अंगठो न्हेल्यान. तुया न्हेलंस तर." आणि डोळे मिटले. ती रागावली होती की नाही, मला अजून नक्की सांगता येत नाही.

वाडीत मी सगळं बंद केलं. नखं न कापता दोन महिने गेले. फादरनी एकदा विचारलं, मी म्हटलं, माझ्या हाताचा भरवसा नाही. त्या दवाखान्यात मात्र मी दर आठवड्याला जात होते. तिथल्या नर्सने साखरेचे पाय कसे बघायचे ते शिकवलं. मऊ कापूस प्रत्येक बोटाला लावून बघायचा, बोटांच्या बेचक्या तपासायच्या, नख सरळ कापायचं, कोपऱ्यात कधी शिरायचं नाही. आठ नेलकटरं घेतली. जुन्या ब्लाउजपीसमधून आठ पिशव्या शिवल्या, प्रत्येक घराला वेगळ्या रंगाची. त्या कपाटात तशाच पडून होत्या.

एका दुपारी सुनेचा फोन आला. मधे आम्ही फक्त चर्चच्या दारात एकमेकींना दिसत होतो. "माय कोणाक पायाक हात लावूक देणा नाय. नखां वाढली हत. येतंत?"

मी मायची निळी पिशवी घेऊन गेले. माय त्याच ओसरीवर, तशीच पाय लांब करून बसली होती. उजव्या पायाला अंगठ्याच्या जागी गुळगुळीत गुलाबी कातडी. मी पाणी ठेवलं. वीस मिनिटं. कटर गॅसवर खळखळ उकळत होतं. मग टॉवेलने पाय पुसला, कापूस लावला.

"हे कळतं?"

"नाय."

"हे?"

"नाय म्हटला मा. नऊच रवली हत. कापतलंस काय नुसती बघीत बसतलंस?"

कटर दोनदा नखावरून घसरलं. मी ते खाली ठेवलं आणि सुनेला हाक मारली. ती मोबाईलचा टॉर्च लावून माझ्या शेजारी जमिनीवर बसली. मायला जे कळत नाही ते आम्हा दोघींना बघावं लागणार होतं.

करंगळीपासून सुरुवात केली. एकच तुकडा, सरळ. सुनेने वाकून बघितलं.

"रक्त नाय," ती म्हणाली. "दुसरा घेवा."