सवयीनं घातलेलं कुलूप

१२ जून. खालची खोली धुऊन भाडेकरूंच्या ताब्यात द्यायची होती. भाडेकरू म्हणजे सत्तरीतलं जोडपं. आजोबा गिरणीतले फिटर. सोलापुरातली गिरणी बंद पडल्यावर सुदानला गेले आणि तिथेच राहिले. युद्ध पेटलं तेव्हा दोघं दोन पिशव्या घेऊन परतले. इतके दिवस पुतण्याकडे होते.

आजी लगेच पाणी भरायला लागल्या. आजोबांनी दाराच्या बिजागरीला घालायला तेल मागितलं. मी कुलूप-किल्ली पुढे केली, तर त्यांनी हात मागे घेतला.

"कुलूप नको, ताई."

"अहो, चोऱ्या होतात इथे."

"होऊ द्या की. काय नेतील, माझं धोतर?"

आजी हसल्या नाहीत. "तितनं निघताना ह्यांनी सवयीनं कुलूप घातलं," त्या म्हणाल्या. "वर पत्र्याच्या खोलीत शेजारीण, तिची तीन लेकरं. आमचं घर खाली, भिंती जाड, टाकी भरलेली. बाँब पडताना ती कुटं गेली असतील?"

"किल्ली तिच्या हातात देऊन यायची, एवढंच काम होतं," आजोबा म्हणाले. "खिशात घालून आलो."

शेजारणीचा फोन बंदच लागतो, तरी रोज लावतात, एवढं कळलं.

१३ जून. सकाळी मी माझ्या फोनवर परदेशी कॉलचं रिचार्ज मारलं, खाली गेले आणि आजोबांकडून शेजारणीचा नंबर घेऊन लावला. या वेळी घंटा वाजली. आजोबा उठून उभे राहिले. कोणी उचलला नाही, म्हणून मी पुन्हा लावला.