आक्का मागे उभ्या राहायच्या

घोडी गाडीत चढवायच्या आधी आक्का तिच्या छातीवर तळहात ठेवून उभ्या राहायच्या. डोळे मिटलेले, मान थोडी कललेली. ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून घाई करायला लागला की डोळे न उघडताच म्हणायच्या, "थांब की. ती अजून हो म्हणाली न्हाई."

कधी पाच मिनिटं लागायची, कधी अर्धा तास. मग हात काढून त्या मातीच्या उतारावरून गाडीकडे चालू लागायच्या आणि घोडी त्यांच्या मागोमाग, घरात शिरावं तशी, आत जायची.

तुमच्यापैकी काहींनी त्यांना नक्की पाहिलं असेल. लग्नसराईत बीड-जामखेड रस्त्यावर एखाद्या पिकअपच्या मागे पांढऱ्या घोडीचं तोंड दिसायचं, आणि तिच्या गळ्याशी एक वाळक्या अंगाची, काष्टा घातलेली बाई उभी असायची. एक हात गजाला, एक हात घोडीच्या मानेवर. तुम्ही गाडी पुढे काढताना हसला असाल. मी पाटोद्याच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर. मला हसू यायचं नाही.

चार क्विंटलचं जनावर बिथरलं तर त्याला माणूस दिसत नाही. ब्रेक लागला, जनावर एका अंगाला गेलं, की मधे असलेल्या माणसाचं काय होतं हे मी बैलांच्या बाबतीत दोनदा पाहिलं होतं. म्हणून बदली होऊन आलो त्या पहिल्याच उन्हाळ्यात मी त्यांना सांगितलं, की घोडीबरोबर मागे उभं राहू नका, पुढे केबिनमध्ये बसा. त्यांनी ऐकून घेतलं, मला ताक दिलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागेच उभ्या राहून आष्टीला गेल्या.

त्यांच्याकडे वरातीच्या दोन घोड्या होत्या. नवऱ्याच्या माघारी धंदा त्याच बघायच्या. मुलगा परळीला एका दुकानात कामाला होता, आठवड्याला येऊन जायचा. घोड्यांच्या प्रवासातलं त्यांना जेवढं कळत होतं तेवढं माझ्या कॉलेजातही कुणी शिकवलं नव्हतं. गाडी दारात आली की आधी खाली वाकून तळाच्या फळ्या बघायच्या, मग आत चढून टाचेने एकेक फळी दाबायच्या. वर ओली वाळू, वाळूवर गोणपाट. दोर इतकाच लांब, की घोडीला मान खाली घेता यावी पण पाय त्यात अडकू नये. गाठ एका ओढीत सुटणारी. आणि तीही सुटली नाही तर म्हणून कमरेला विळा.

"विळा कशाला?" मी एकदा विचारलं.

"घोडी पडली तर दोर गळ्याला बसतो, डॉक्टर. तवा गाठ सोडायला कुणाला येळ हाय?"

मागे का उभ्या राहतात हे मात्र त्यांनी फार उशिरा सांगितलं. मी घोडीच्या खुराची जखम धुत होतो आणि त्या बादली धरून बसल्या होत्या. त्यांच्या नवऱ्याच्या काळातली गोष्ट. जामखेडहून वरात आटोपून दोघं येत होते. नवरा चालवत होता, त्या शेजारी, टेपवर गाणी लावलेली. मागे तळाची एक फळी कुजलेली होती. ती मोडली आणि घोडीचा मागचा पाय आरपार खाली गेला. यांना वाटलं, रस्ता खराब आहे म्हणून गाडी दणकतेय. मागून येणाऱ्या एका मोटारसायकलवाल्याने पुढे येऊन हात केला तेव्हा गाडी थांबली.

"खूर न्हवतं राहिलं," त्या म्हणाल्या. "अन् ती उभीच व्हती तीन पायावर. आमच्याकडं बघत."

त्यानंतर नवऱ्याने गाडी चालवली नाही. एक-दोन वर्षांत तो आजारपणात गेला. तेव्हापासून आक्का कधी केबिनमध्ये बसल्या नाहीत.

मी त्यांच्यासाठी बरेच उपाय काढले. केबिनमध्ये घंटा बांधू, दोरी मागे सोडू. मोबाइल लावून ठेवू, पुढे बसून घोडी दिसेल. त्या सगळ्याला मान डोलवायच्या. शेवटी एकदा म्हणाल्या, "मोबाइल बघंल, डॉक्टर. दोर कापील का?" घोडीजवळ माणूस नसला तर घोडी जाते आणि असला तर माणूस जाऊ शकतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. त्यांनी आपल्यापुरता निर्णय घेऊन टाकला होता.

मागच्या उन्हाळ्यात सिरसाळ्याकडच्या एका पुढाऱ्याने मुलाच्या लग्नासाठी घोडा विकत घेतला. काळाभोर, उंच, जेमतेम चार वर्षांचा. नवरदेव स्वतःच्या घोड्यावर बसणार होता. घोडा कुणाला जवळ येऊ देत नव्हता, म्हणून महिनाभर तो आक्कांकडे सवयीला ठेवला. मी लस द्यायला गेलो तेव्हा अंगणात त्यांची नेहमीची पिकअप मागचा फाळका पाडून, चाकांना दगड लावून उभी होती. घोड्याचा चारा आक्का गाडीतच ठेवत होत्या. आधी तो नुसती मान आत घालायचा. मग पुढचे दोन पाय. लग्नाच्या आठवडाभर आधी तो आपणहून आत जाऊन खात उभा राहायला लागला. त्या दिवशी आक्का मला बोलावून घेऊन गेल्या आणि लांबूनच दाखवलं. तेवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर क्वचित पाहिला होता.

लग्नाच्या दिवशी सकाळी मात्र त्यांची पिकअप न्यायचीच नाही असं ठरलं. पुढाऱ्याचा पुतण्या त्यांच्या घरचा टेम्पो घेऊन आला. फुलांच्या माळा, रंगीत कापडं, पुढे मोठा फोटो. पुतण्याचं म्हणणं, घोडा गावात शिरताना लोकांनी बघितला पाहिजे. तळाला गुळगुळीत लोखंडी पत्रा होता. आक्कांनी वाळू मागितली, पण पुतण्या म्हणाला की घाण होईल, आणि एक सतरंजी अंथरली.

घोड्याने ती झुळझुळणारी कापडं बघितली आणि चारही पाय रोवले. दोन तास गेले. चौघांनी मागून दोर लावून ढकलून बघितलं तेव्हा तो मागच्या पायांवर उभा राहिला आणि एकाचा खांदा थोडक्यात वाचला. मग पुतण्याने मला फोन केला.

मी गेलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. घोडा घामाने निथळत होता. आक्का त्याच्या छातीवर हात ठेवून उभ्या होत्या आणि तसंच थांबून म्हणाल्या, "आपली गाडी आणा. अर्ध्या तासात चढतो." पुतण्या ऐकत नव्हता. त्याने मला बाजूला घेतलं आणि गुंगीचं इंजेक्शन द्या म्हणाला. मी सांगितलं की गुंगीतल्या घोड्याला गाडीत तोल सांभाळता येत नाही, घाटात तर नाहीच. त्याने फोन लावून माझ्या कानाला धरला. पलीकडे पुढारी स्वतः होते. आवाज अगदी गोड. माझी, मुलांची चौकशी केली. मग म्हणाले, "मुहूर्त आहे, डॉक्टर. तेवढं बघा."

धमकी नव्हती. ओरडणं नव्हतं. मी बॅग उघडली.

आक्कांनी सिरिंज बघितली आणि पहिल्यांदाच माझा हात धरला. "सुई नगा देऊ, डॉक्टर. अर्ध्या झोपंत ते उभं कसं ऱ्हाईल?"

मी म्हणालो, अर्धाच डोस देतो. तासाभरात उतरेल. हे मी त्यांना सांगत होतो की स्वतःला, मला माहीत नाही. हात सोडवून घेतला आणि सुई दिली.

दहा मिनिटांत घोड्याची मान खाली आली, खालचा ओठ लोंबला. चौघांनी ढकलून त्याला आत घातलं. तो चढला नाही, ठेवला गेला. आक्कांनी दोर बांधला, गाठ ओढून बघितली, पदर खोचला आणि आत चढल्या.

मी म्हणालो, "आक्का, आज तरी पुढं बसा. मी सांगतो म्हणून."

त्यांनी घोड्याची जड झालेली हनुवटी आपल्या खांद्यावर घेतली. "तुमी सुई दिली," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, खरंच नव्हता. "आता त्याचं मुंडकं कोण धरंल?"

फाळका वर उचलला गेला. एका बाजूची कडी बसत नव्हती. ती मी बसवली.

पुढचं मला टेम्पोच्या ड्रायव्हरने सांगितलं. मांजरसुंब्याचा घाट उतरताना समोरून चुकीच्या बाजूने एक ट्रक आला. ब्रेक फार जोरात लागला नव्हता, असं तो शपथेवर सांगतो. जागा घोडा पाय फाकवून सावरला असता. हा पत्र्यावरून सतरंजीसकट घसरला आणि आडवा झाला. दोर ताणून गळ्याला बसला. ड्रायव्हर मागे पोचला तेव्हा दोर कापलेला होता, घोडा धडपडत उभा राहत होता आणि आक्का त्याच्या आणि बाजूच्या पत्र्याच्या मधे बसलेल्या होत्या. विळा हातात होता.

त्यांना बीडच्या दवाखान्यात नेलं. घोडा दुसऱ्या गाडीतून पुढे गेला. थोडं खरचटलं होतं, त्यावर झूल टाकली. तोवर त्याची गुंगीही उतरली होती. वरात निघाली, म्हणे, आणि फार छान निघाली.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. मुलगा औषधं आणायला बाहेर गेला होता. आक्कांच्या बरगड्या मोडल्या होत्या, आत रक्तस्राव होता, बोलताना दम लागत होता. त्यांनी मला ओळखलं. पहिला प्रश्न, घोडा कसा आहे. मी म्हणालो, चांगला आहे.

मग मी सांगायचं ठरवून आलो होतो ते सांगायला लागलो. की मुलाला मी सगळं सांगणार आहे, पोलिसांनाही लिहून देणार आहे. त्यांनी बोट हलवून मला थांबवलं.

"सुईचं कुणाला नगा सांगू," त्या म्हणाल्या. "तुमी गेल्यावर हितं जनावरं कोण बघंल?"

मी त्यांना नाही म्हणालो नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे त्या गेल्या.

पोलीस घोड्याच्या तब्येतीचा दाखला मागायला दवाखान्यात आले. मी लिहिलं, घोडा निरोगी होता, प्रवासात अचानक बिथरला असावा. पुतण्याने इंजेक्शनचं नाव काढलं नाही. ड्रायव्हरनेही नाही. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं, तरी सगळ्यांचं एकच निघालं.

मुलाने परळीची नोकरी सोडली. घोड्या विकल्या नाहीत. आता तो पुढे केबिनमध्ये बसतो आणि घोड्या मागे एकट्या असतात. वाळू टाकतो की नाही, फळ्या बघतो की नाही, हे मला विचारता येत नाही. विचारायला लागलो तर कुठे थांबायचं ते कळणार नाही.

लसीच्या दिवसांत मला त्या अंगणात जावंच लागतं. मी आलो की तो खुर्ची पुसून देतो. बायकोला चहा टाकायला सांगतो. एखादा शेजारी बसलेला असला तर त्याला माझी ओळख करून देतो. म्हणतो, "आई म्हणायची, या डॉक्टरच्या हाताला गुण हाय."

चहा येतो. मी बशीत ओततो आणि पितो.